गुरुवारी ठेवलेलं प्रस्थान

सोलापूर, सोमवार, ८ नोव्हेंबर १९२६

प्रिय शकू,

हे पत्र तू आईला वाचून दाखवणार, म्हणून वरचं अर्धं आईसाठी आणि खालचं तुझ्यासाठी. घोटाळा करू नकोस.

आई, गोपाळला इकडे यावं लागणार आहे. मिलच्या ऑफिसातले नारायणराव काल मुद्दाम घरी येऊन सांगून गेले. लुगड्यांच्या परगावच्या सगळ्या एजंटांना सोमवारी, बावीस तारखेला बोलावलंय. नवे नमुने दाखवणार आणि पुढच्या तीन वर्षांचे करार तिथंच करणार. जो हजर नसेल त्याचा मुलूख दुसऱ्याला. बेझवाड्याचा कोणी तरणा माणूस गोपाळच्या मुलखावर डोळा ठेवून आहे म्हणे. बारा वर्षं त्या समुद्रकाठी राहून गोपाळनं सोलापूरचं लुगडं घरोघर पोचवलं. आता एकोणपन्नासाव्या वर्षी नवं काय धरणार तो?

तुमच्या फाट्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारीच सुटते. मंगळवारी निघावं तर बुधवारी त्याचा माल उतरायचा आहे. म्हणजे शुक्रवारच उरला. आणि आई, शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, हे मी तुला काय सांगावं! तेव्हा गुरुवारीच प्रस्थान ठेवा. सुपारी, मूठभर तांदूळ आणि पागोटं फडक्यात बांधायचं, आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे गोपाळनंही स्टेशनाजवळ कोणाकडे तरी मुक्कामाला जायचं. गुरुवारी निघाला असं झालं की शुक्रवारची बाधा नाही. मात्र एकदा बाहेर पडला की परत उंबरा ओलांडायचा नाही. तेवढं तू पाहा, आई. तो ऐकेल तर तुझंच ऐकेल.

आता तुझ्यासाठी. हसलीस ना? पुण्याच्या कॉन्व्हेंटात नऊ वर्षं घासलेली ही बाई शाळेत मुलींना वारे कसे वाहतात ते शिकवते आणि घरी येऊन पंचांग उघडते. सिस्टर आग्नेसनं चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतं, बोलली काहीच नसती. माझा विश्वास आहे का, ते विचारू नकोस. आमचे हे पुण्याला गेले तो शुक्रवार होता. आईनं प्रस्थान ठेवायला सांगितलं होतं आणि मी हसले होते. परत आली ती तार. त्यानंतर मला हसायचा धीर होत नाही.

गोपाळबरोबर तुमच्याकडची सुकी चिंच पाठव. इथल्या चिंचेला ती चव नाही.

तुझी,
रुक्मिणी


कोत्तरेवू, गुरुवार, १८ नोव्हेंबर

वन्सं,

(आई शेजारीच बसल्यात, म्हणून वन्सं. एरवी तू रुक्मीच.)

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं झालं. तुझं पत्र आईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि आता ते त्यांच्या उशाखाली आहे. 'माझी रुक्मी इतकी शिकली, पण रीत विसरली नाही,' असं शेजारणीला सांगून झालं. त्या बिचारीला मराठी कळत नाही, तरी मान डोलावली.

आज चार वाजता प्रस्थान निघालं. स्वारीची कुरकूर चाललीच होती. 'आई, स्टेशन दीड मैलावर. तेवढ्यासाठी मी तिथल्या मालबाबूच्या खोलीत ढेकणांबरोबर निजू?'

आई म्हणाल्या, 'तुझ्या वडिलांनी कधी तक्रार केली नाही.'

'ते आता तक्रार करायला कुठं आहेत?'

'म्हणूनच म्हणते. तू तरी रीत पाळ.'

मायाप्पा गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे, हे मागे. मंगळवेढ्याकडचा हा गडी बारा वर्षं आमच्याकडे आहे, पण अजून समुद्राकडे पाठ करूनच बसतो. 'बाईसाब, एवढं पानी, आन् घोटभर प्यायला न्हाय. कसला ह्यो मुलूख!' आईंच्या पायांतलं बळ गेल्यापासून त्यांना अंगणात उचलून आणतो तोच. आता आठ दिवस घरात तो, आई आणि मी.

दोन दिवस वारा पडलाय. समुद्र तेल सांडल्यासारखा दिसतो. उकाडा एवढा, की आपल्या वसतिगृहाची माडी आठवली. तू पायांवर ओला पंचा घालून निजायचीस आणि मी पाच इयत्ता खालची म्हणून तो पिळून आणायचा, हा तिथला न्याय. तेव्हा कुठं वाटलं होतं की तू माझी नणंद होशील! नाहीतर पंचा जरा कमीच पिळला असता.

शुक्रवार सकाळ. हे गेले. पाऊस सुरू झालाय. आई जपाला बसल्यात. आज जास्त लिहवत नाही. मायाप्पा हे पत्र गाडीवर टाकायला निघालाय.

शकू


सोलापूर, मंगळवार, २३ नोव्हेंबर

शकू,

तू आहेस ना? आई आहे ना?

हे लिहून मग पुढचं लिहिते, कारण दुसरं काही सुचत नाही. आजच्या वर्तमानपत्रात सात ओळी आहेत. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या किनाऱ्यावर मोठं तुफान आलं. पौर्णिमेची भरती होती, पाणी गावांत शिरलं. तारा तुटल्या, रेल्वेचे पूल वाहून गेले. गावांच्या नावांत कोत्तरेवू आहे. पुढे फक्त 'हानीचा अंदाज नाही' एवढंच.

गोपाळ रविवारी पोचला. कपडे अंगावरच वाळलेले, डोळे लाल. मी विचारलं, 'आई कशी आहे?' म्हणाला, 'बरी आहे.' हातपाय न धुताच तारऑफिसात गेला. मला वाटलं मिलच्या कामाची तार असेल. संध्याकाळी परत गेला, सोमवारी सकाळी परत. मी चेष्टाही केली, 'एजन्सी मिळायच्या आधीच एवढ्या तारा?' तो हसला नाही. सोमवारी मिलमध्ये गेला, करारावर सही केली आणि येऊन माजघरात भिंतीकडे तोंड करून पडला.

आज त्या सात ओळींच्या खाली आणखी एक ओळ होती. बंदरावर गुरुवारी संध्याकाळपासूनच वादळाची खूण चढवलेली होती. मी कागद त्याच्यापुढे धरला.

'तुला हे माहीत होतं?'

'होय.'

'गाडीत बसायच्या आधी?'

'होय, अक्का.'

शकू, मी त्याला काय बोलले ते तुला सांगायला हवं, कारण तू त्याची बायको आहेस. मी म्हणाले, 'चालता न येणारी आई पाण्याच्या तोंडी ठेवून तू लुगडी विकायला आलास. माझ्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस.' तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. माझी कामाची बाई गुरम्मा चुलीपाशी होती, तिनं तोंडावर पदर धरला. मग मला म्हणाली, 'बाई, कागदात काय बी लिवत्यात. दर्या काय पायानं चालत येतुया व्हय?'

गोपाळनं पिशवी उचलली. होटगीची संध्याकाळची गाडी धरतो, म्हणाला. जाईल तिथवर गाडीनं जाईन, पुढे चालत. मी त्याला 'ये' म्हटलं नाही. दारापर्यंतही गेले नाही.

पोस्टात म्हणतात, त्या बाजूचं टपाल बेझवाड्याला अडकून आहे. तरीही हे टाकते आहे.

रुक्मी


सोलापूर, शनिवार, २७ नोव्हेंबर

शकू,

अजून काही नाही. शाळेत काल सातवीच्या मुली पूर्व किनाऱ्याचा नकाशा काढत होत्या. एकीनं विचारलं, 'बाई, कोत्तरेवू दाखवायचं का?' मी म्हटलं, 'दाखव.' तिनं शाईचा ठिपका दिला आणि टिपकागदानं टिपला. ठिपका पुसट झाला. मला वर्गाबाहेर जावं लागलं.

नारायणराव येऊन गेले. मिल गोपाळच्या करारावर फार खूश आहे म्हणे. मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

मला एकच गोष्ट उलगडत नाही. लहानपणी आईला देवळातून यायला उशीर झाला तर हा रडून घर डोक्यावर घ्यायचा. तो असा कसा निघून आला? तू तरी त्याला का थांबवलं नाहीस? तुझ्या पत्राच्या शेवटातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते. 'आज जास्त लिहवत नाही.' तुलाही माहीत होतं का, शकू?

रुक्मी


मिशनची शाळा, कोत्तरेवूपासून अकरा मैल, रविवार, २८ नोव्हेंबर

रुक्मी,

मी आहे. आई नाहीत.

ही दोन वाक्यं लिहायला मला आठ दिवस लागले. कागद आजच मिळाला. तुझं मंगळवारचं पत्र कालच्या बैलगाडीनं आलं. ते मी वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण त्यात तू चुकली आहेस. ते दुरुस्त केल्याशिवाय मला आईंचं दुःखही करवत नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला ते घरी परत आले होते, रुक्मी. मी तुला लिहिलं नाही. गाडी आठची. पहाटे मालबाबूच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा त्यांना बंदरावरच्या खांबाला वादळाच्या खुणेचा काळा गोळा टांगलेला दिसला. मायाप्पाही पाहून आला होता. 'बाईसाब, मोटा गोळा लावलाय की! लई वंगाळ दिसतंय.' हे धावत आले. छत्री नव्हती. अंगणात उभे राहून म्हणाले, 'शकू, आईला उचलायला मायाप्पाला हाक मार. तिघंही माझ्याबरोबर गाडीत चला.' आणि पायरीवर पाय ठेवला.

आई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी काठी आडवी धरली.

'गोपाळ, तिथंच थांब. प्रस्थान ठेवलंयस.'

'आई, वादळ येतंय.'

'गोळा दर वर्षी चढतो. गेल्या वर्षी दोनदा चढला. काय आलं? शिंतोडे. तू आत आलास तर तुझं निघणं मोडलं. मग शुक्रवार लागतो तुला.'

'मग तू बाहेर ये. चल माझ्याबरोबर.'

'मी? माझं प्रस्थान कुठं आहे? दिशाशूलात मी निघू आणि तुझ्या वाटेलाही तेच लावू?' आणि त्यांनी कमरेला खोचलेलं तुझं पत्र काढून यांना दाखवलं. 'हे बघ, रुक्मीनं लिहिलंय. एकदा बाहेर पडला की परत नाही. तिनं एकदा नवरा घालवलाय, तिला विचार.'

पाव तास ते पावसात उभे होते. एकदा पायरी चढले, आणि आई रडायला लागल्या. आईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते उतरले. माझ्याकडे पाहिलं. रुक्मी, मी त्या वेळी काय केलं ते ऐक. मला करार दिसत होता. मला वाटलं, आईंचं बरोबर असेल, शिंतोडेच येतील. मी आईंच्या पाठीमागून मानेनं 'जा' म्हटलं. ते गेले. थांबवलं का नाही म्हणून तू विचारशील. मीच पाठवलं.

पाणी दिवेलागणीला आलं. आवाज आधी आला. आपण कॉन्व्हेंटात गव्हाच्या गाड्या उतरताना ऐकायचो तसा, पण थांबेना. मायाप्पानं आईंना पाठीशी बांधलं, माझा हात धरला आणि आम्ही मिठाच्या ऑफिसाच्या माडीवर चढलो. तिथं शंभर माणसं होती. छप्पर उडालं, भिंती राहिल्या. आई माझ्या मांडीवर होत्या. अंग थंड पडत चाललं होतं, पण बोलत होत्या. 'गोपाळ आता कुठवर गेला असेल ग?' मी म्हटलं, 'बेझवाड्याच्या पुढे.' म्हणाल्या, 'बघ, पाठवला की नाही मी वेळेवर? आत घेतला असता तर? रुक्मीच्या पत्रानं माझं पोर वाचलं.' पहाटे पहाटे गेल्या. समाधानानं गेल्या, हे मी तुला शपथेवर सांगते. तुला बरं वाटावं म्हणून नाही.

मायाप्पानं त्यांना शनिवारी अग्नी दिला. कोरडं लाकूड मिळायला दुपार झाली. घर वाहून गेलं; वाचलेल्या सगळ्यांना इथं मिशनच्या शाळेत आणलंय.

हे अजून आलेले नाहीत. मंगळवारी निघाले म्हणतेस, आज रविवार. रस्ता राहिलेला नाही. मायाप्पा रोज वाटेवर जाऊन बसतो.

आता तूच सांग. ते आले की विचारतील, आई काय म्हणाली. त्यांना सांगू का, की आई तुमच्या वाचण्यावर खूश होऊन गेल्या? ते ऐकून त्यांना जगवेल का?

शकू


(कार्ड)
बेझवाडा, शुक्रवार, २६ नोव्हेंबर

अक्कास साष्टांग नमस्कार.

इथवर गाडी आली. पुढे पाच पूल गेलेत. उद्या काही रेल्वेची माणसं ट्रॉलीवरून जाणार आहेत, ती मला थोडं नेतो म्हणतात. मग चालत. कोत्तरेवूची माणसं मिठाच्या ऑफिसात चढून वाचली असं एकजण सांगतो. मायाप्पा हुशार आहे. त्यानं आईला नक्की वर नेलं असेल. मी दिसलो की ती रागावेल, कामं टाकून आलास म्हणून.

तू बोललीस त्यात काही चूक नव्हतं. मनाला लावून घेऊ नकोस. शकूकडून काही वेगळं कळलं तर तेही फार मनावर घेऊ नकोस. पत्र तू काळजीनं लिहिलं होतंस.

गोपाळ


सोलापूर, शुक्रवार, ३ डिसेंबर

चि. गोपाळ,

तू शकूपाशी पोचला आहेस असं धरून लिहिते. दुसरं काही धरायची माझी तयारी नाही.

शकूचं पत्र काल आलं आणि तुझं कार्ड आज. उलट आलं असतं तर मी एक दिवस तरी तुझ्यासारखी आईची वाट पाहिली असती. काल मी आंघोळ केली. गुरम्मानं पाणी काढलं. ती म्हणाली, 'बाई, रडा की. आता कोन हाय हितं बगायला?' पण रडू येत नव्हतं. मला सारखा तू दिसत होतास. आईपुढे नव्हे, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात.

तू तिथं एक वाक्य बोलला असतास, की 'अक्का, आईनं मला आत घेतलं नाही.' मी लगेच विचारलं असतं, का? आणि तुला माझ्या पत्राचं नाव घ्यावं लागलं असतं. ते घ्यावं लागू नये म्हणून तू माझं सगळं ऐकून घेतलंस. घरचं पाणीही न पिता गेलास, कारण मी पिऊ नको म्हटलं होतं. आई कुठं आहे हे माहीत नसताना, स्वतःचा जीव असा टांगणीला असताना, तू माझी काळजी केलीस. आणि मी नकाशावर ठिपके बघत तुला शिव्या देत होते.

तू काळजीनं लिहिलंस, असं म्हणतोस. नाही रे. मी भीतीनं लिहिलं. माझी भीती मी पत्रात घालून आईच्या उशाखाली ठेवली. स्वतःपुरती ठेवली असती तर तुम्ही चौघं त्या सकाळी गाडीत असता.

शकूला सांग, आई काय म्हणाली ते तुझ्यापासून लपवू नये. तिनं मला विचारलं आहे, सांगू का. सांगावं. आईला तू हवा होतास, तू वाचलास, ती खूश होती. यातलं काहीच खोटं नाही. बाकीचं ओझं तुझं नाही. त्यातलं थोडं शकू आपल्याकडे ओढते आहे, तेही तिचं नाही. तुम्ही दोघं एकमेकांच्या नजरेला नजर द्या. तुम्ही दोघंही त्या पावसात उभे होतात. मी इथं कोरडी होते.

शाळेतून मी महिन्याची रजा काढली आहे. मुख्याध्यापिकेनं असं मध्येच जाऊ नये म्हणून कमिटी नाराज आहे. असू दे. बेझवाड्यापर्यंत तिकीट मिळालं. पुढे बैलगाडी मिळते असं शकूच्या पत्रावरून दिसतं. बावन्नाव्या वर्षी मी एवढ्या लांब एकटी कधी गेले नाही, पण बसून राहिले तर वेड लागेल. लुगडी, धोतरं, दोन घोंगड्या आणि ज्वारीचं पीठ आणते आहे. मायाप्पाला म्हणावं, तुझ्या भाकरीची सोय झाली.

तुझ्यासमोर उभं राहून मला जे बोलायचं आहे ते कागदावर उतरत नाही. तू ऐकून घेतलं पाहिजेस असंही नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी समजेन. पण पुढच्या गुरुवारी, नऊ तारखेला, बेझवाडा स्टेशनावर ये. शाळेतल्या तेलुगू विणकरांच्या पोरींकडून शिकलेले चार शब्द सोडले तर तिथली भाषा मला येत नाही. आणि घर तर उरलं नाही. कोणाला काय विचारत येऊ मी तुमच्यापर्यंत?

तुझी,
अक्का